*जुन्या जीपच्या स्टेअरिंगला प्ले आलाय? आधी जागा शोधा, मग पाना लावा*



आपल्याकडे वाड्या-वस्त्यांवर जुन्या जीपा अजूनही राबतायत. विलीजच्या नमुन्यावरची महिंद्राची सीजे-३बी असो किंवा तिच्या पुढच्या पिढीतली गाडी, खताच्या गोण्या, कांद्याच्या पिशव्या, ठिबकची बंडलं आणि हंगामात माणसंसुद्धा तिच्यावरच. या गाड्यांची एक तक्रार नेहमी कानावर येते: "स्टेअरिंग ढिलं झालंय, गाडी सरळ चालतच नाही." आणि त्यावर ठरलेला उपाय म्हणजे स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून घेणं.

गडबड इथेच होते. स्टेअरिंगपासून टायरपर्यंत बॉक्स, ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंक, बेल क्रँक, दोन टाय रॉड, किंगपिन अशी मोठी साखळी आहे. प्रत्येक सांध्यात थोडा-थोडा प्ले आला की हातात त्याची बेरीज जाणवते. प्ले टाय रॉडमध्ये असताना बॉक्स आवळला, तर मूळ दुखणं तसंच राहतं आणि वळणावर स्टेअरिंग जड होऊन अडकायला लागतं. माल भरून घाट उतरताना हे जिवावर बेतू शकतं. म्हणून बॉक्सचा स्क्रू सगळ्यात शेवटी.

*किती प्ले म्हणजे जास्त?*
केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ९८ सांगतो की स्टेअरिंगचा मोकळा प्ले ३० अंशांपेक्षा जास्त नसावा. घड्याळात १२ पासून १ पर्यंत जेवढं अंतर, तेवढे ३० अंश. १६-१७ इंचाच्या स्टेअरिंगवर कडेला मोजलं तर साधारण सव्वाचार इंच. पण ही कायद्याची शेवटची हद्द आहे. तिथपर्यंत वाट बघू नका. स्टेअरिंगला चिकटपट्टीची खूण करा आणि महिन्यातून एकदा मोजा. प्ले वाढत चालला असेल तर तपासणीची वेळ झाली.

*आधी लक्षण ओळखा*
🔹 स्टेअरिंग फिरतं पण टायर हलत नाही: सांधे किंवा बॉक्स.
🔹 प्ले कमी आहे, तरी गाडी रस्ता सोडून डावी-उजवीकडे जाते: टायरची हवा, पाट्यांचे यू-बोल्ट, शॅकल, टो-इन.
🔹 खड्डा बसला की पुढची चाकं थरथरायला लागतात, वेग कमी केल्याशिवाय थांबत नाहीत: किंगपिन, व्हील बेअरिंग, टाय रॉड एंड.

सगळ्यात आधी टायरची हवा बघा. पुढच्या दोन टायरमध्ये हवा कमी-जास्त असेल तर बाकीची तपासणी फसवी ठरते.

*दोन माणसांची तपासणी (खर्च शून्य)*
गाडी सपाट जागी, चाकं सरळ, इंजिन बंद, गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. जॅक लावू नका, चाकं जमिनीवरच हवीत. एकाने स्टेअरिंग डावी-उजवीकडे थोडंथोडं हलवत राहायचं. दुसऱ्याने बाहेरून वाकून एकेक सांधा बघायचा आणि त्यावर बोटं ठेवायची. *सांध्याची एक बाजू हलली आणि दुसरी थांबून राहिली, तर प्ले तिथेच आहे.* मोबाईलचा टॉर्च लावून प्रत्येक सांध्याचा दहा सेकंदांचा व्हिडिओ काढा. मेकॅनिकला दाखवायला तो कामाला येतो.

क्रम असा ठेवा:

*१) बॉक्सची बैठक.* स्टेअरिंग हलवताना बॉक्स स्वतःच चेसिसवर सरकतोय का? बोल्ट ढिले असतील तर आवळा. मग तारेच्या ब्रशने चिखल काढून आजूबाजूची चेसिस बघा. गंजाची बारीक सरळ रेघ दिसली तर ती चीर असू शकते. जुन्या जीपमध्ये ही जागा हमखास बघायची राहून जाते.

*२) ड्रॉप आर्म.* बॉक्समधून येणारा शाफ्ट फिरतो, पण त्यावरचा आर्म मागे राहतो? नट आवळा. आतले दाते झिजले असतील तर आर्म बदला.

*३) ड्रॅग लिंक.* सीजेसारख्या जुन्या जीपमध्ये हिच्या टोकांना आत गोळा आणि स्प्रिंग असते, बाहेरून स्क्रूचा प्लग. प्लग पूर्ण आवळायचा, मग अर्धा ते एक वळसा मागे घ्यायचा आणि *नवी* स्प्लिट पिन टाकायची. गोळा अंडाकृती झिजला असेल तर आवळून उपयोग नाही.

*४) बेल क्रँक.* पुढे चेसिसच्या आडव्या पट्टीवर, पिनवर फिरणारा हा आर्म. हाताने धरून वर-खाली हलवा. डुगडुगला तर पिन आणि बुश किंवा बेअरिंग बदलायला झालं. इथे चिखल-पाणी सतत लागतं, त्यामुळे ग्रीस चुकलं की झीज लवकर होते. तुमच्या मॉडेलमध्ये बेल क्रँक नसेल तर पुढे जा.

*५) टाय रॉड एंड.* बोटाला 'टक' जाणवलं किंवा रबर फाटलेलं दिसलं की एंड बदला. हे रबरही नियम ९८ प्रमाणे बंधनकारक आहे.

*६) पाटे.* स्टेअरिंग हलवताना टायर जागेवर आणि बॉडी आडवी सरकते? शॅकलचे बुश आणि यू-बोल्ट बघा.

*चाक उचलून करायची तपासणी*
अ‍ॅक्सलखाली जॅक लावून एक पुढचं चाक उचला आणि अ‍ॅक्सलखाली घोडी ठेवा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही जाऊ नका. टायर वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवा. हललं, तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा.
👉 ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं: व्हील बेअरिंग ढिलं.
👉 तरीही हलतंय: किंगपिनचं बेअरिंग. शिम कमी करून जमतं का ते मेकॅनिक बघेल. बेअरिंगला खड्डे पडले असतील तर बदलावंच लागेल.

*आता बॉक्स*
वरचं सगळं नीट आहे, स्टेअरिंगचा शाफ्ट फिरतोय आणि ड्रॉप आर्म मात्र हलत नाही, तेव्हाच बॉक्सला हात लावा. आधी तेल तपासा. स्टेअरिंग वर-खाली ओढून बघा. शाफ्टच हलत असेल तर पहिल्यांदा त्याच्या बेअरिंगचे शिम, मग बाजूचा स्क्रू. पुढची चाकं उचलून सरळ ठेवा, लॉक नट सोडा, स्क्रू थोडाथोडा फिरवा आणि दरवेळी स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा. कुठेही अडकलं तर स्क्रू मागे घ्या.

गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणून बॉक्स मधोमध जास्त झिजतो. मधला प्ले पूर्ण घालवायला गेलात तर टोकाला तो जाम होणार. अशा बॉक्सला आतले भाग नवे टाकणं हाच उपाय.

काम झाल्यावर टो-इन करून घ्या. सीजे जातीच्या जीपला तो जेमतेम सव्वा ते अडीच मिलिमीटर लागतो.

*हे करू नका*
❌ गोळ्याच्या सांध्यात पत्र्याची पट्टी कोंबणं
❌ टाय रॉडला वेल्डिंग मारणं
❌ जुनी स्प्लिट पिन किंवा तिच्या जागी तार वापरणं
❌ थरथर दाबायला नुसता डँपर बसवणं (दुखणं आत वाढत राहतं)

*गाडी तिथेच उभी करा, जर…*
⚠️ कुठल्याही नटची स्प्लिट पिन नसेल
⚠️ बॉक्सजवळ चेसिसला चीर असेल
⚠️ गोळा सांध्यातून निसटेल इतका ढिला असेल
⚠️ स्टेअरिंग वळणावर अडकून परत येत नसेल

त्या दिवशीचा माल शेजाऱ्याच्या गाडीतून पाठवा. एका खेपेचं भाडं परवडतं, उलटलेली जीप परवडत नाही.

शेवटचं: स्टेअरिंगच्या सांध्यांना ग्रीस निप्पल असतील तिथे जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भरा. ओढ्यातून, चिखलातून गाडी काढली की पुन्हा भरा.

जीप घरातलं दुसरं कोणी किंवा ड्रायव्हर चालवत असेल तर हा मेसेज त्यांनाही पाठवा. शंका असेल तर सांध्याचा व्हिडिओ ग्रुपवर टाका.

— आपली शेतकरी उत्पादक कंपनी