ताजमधला चहा आणि आमची ताई

आमच्या हिंगोलीस अलीकडे ‘हाय टी’ नावाचा एक प्रकार येऊन पोचला आहे. महाविद्यालयातले चर्चासत्र असो, पतसंस्थेची वार्षिक सभा असो की कुणाचा सेवापूर्तीचा समारंभ असो, कार्यक्रमपत्रिकेत जिथे पूर्वी ‘चहापान’ हा साधा, घरगुती शब्द असे, तिथे आता हे दोन शब्द छापलेले दिसतात. प्रत्यक्षात समोर येतो तो पूर्वीचाच समोसा, तोच चिवडा आणि कागदी पेल्यात दोन घोट चहा. मराठीचा अध्यापक या नात्याने मी एकदोनदा नापसंती दर्शवून पाहिली. तेव्हा पत्रिका छापून आणणारा तरुण सहकारी मला म्हणाला, “सर, चहापान म्हटलं की लोक निघून जातात. हाय टी म्हटलं की थांबतात.” यावर माझ्या व्याकरणाकडे उत्तर नव्हते.

गंमत अशी की, ज्या इंग्रजांकडून हा शब्द आला त्यांच्याकडे ‘हाय टी’ हा मुळी बड्या लोकांचा चहाच नव्हता. गिरणीतून, खाणीतून दमून आलेला कामकरी माणूस संध्याकाळी पाव, मांस, चीज असे जे पोटभर खाई आणि वर कडक चहा पिई, त्याचे हे नाव. बड्या घरांतला तो ‘आफ्टरनून टी’, म्हणजे दुपारचा चहा. त्याचे श्रेय बेडफर्डच्या डचेस ॲना यांना देण्याची प्रथा आहे. १८४० च्या सुमारास तिकडच्या श्रीमंत घरांत रात्रीचे जेवण फार उशिरा होऊ लागले होते. मधल्या वेळी बाईसाहेबांच्या पोटात कावळे ओरडत. त्यांनी आपल्या खोलीत चहा आणि पाव-लोणी मागवायला सुरुवात केली, पुढे मैत्रिणींना बोलावू लागल्या, आणि एका भुकेची चालरीत होऊन बसली. आपल्याकडे ‘मधल्या वेळचे खाणे’ हा शब्द आहेच. फक्त त्यासाठी कुणा सरदारणीला श्रेय देण्याचे आपल्याला सुचले नाही.

मग त्या चालरीतीचे शास्त्रही तयार झाले. तीन मजली तबक: तळाशी काकडीची वगैरे सँडविचे, मध्ये स्कोन नावाचे छोटे गोल पाव, माथ्यावर केक-पेस्ट्री, खालून सुरुवात करून वर चढत जायचे. स्कोनवर आधी साय लावायची की जॅम, यावर डेव्हन आणि कॉर्नवॉल या दोन परगण्यांत अजून एकमत नाही. डेव्हनचे लोक आधी साय लावतात, कॉर्नवॉलचे आधी जॅम.

मला स्वतःला यापेक्षा अधिक मोलाची वाटते ती निराळीच हकिकत. १८६४ साली लंडनमध्ये एरेटेड ब्रेड कंपनीने चहाचे दुकान उघडले. १८९४ साली लायन्स कंपनीने पिकॅडिलीत उघडले. आणि अशा दुकानांची रांग लागली. तोवर त्या एवढ्या मोठ्या शहरात एकट्या घरंदाज बाईला चार घटका टेकून काही खावे अशा जागा फार थोड्या होत्या. दारूचे गुत्ते पुरुषांचे, क्लब पुरुषांचे. चहाच्या दुकानात मात्र तिला खुर्ची मिळाली. पुढे मतांचा हक्क मागणाऱ्या बायकांच्या कितीतरी बैठका अशा चहाच्या टेबलांभोवतीच झाल्या.

आपल्याकडे चहापुढे आधी दुसराच प्रश्न उभा राहिला: कोणी कोणाच्या हातचा प्यावा? १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा आणि बिस्किटे आली. या उपद्व्यापामागे गोपाळराव जोशी होते, डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान. हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात झळकली आणि केवढे ग्रामण्य माजले! टिळक आणि रानडे यांच्यासारखी माणसे त्यात सापडली. प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली. पुढे रेल्वेच्या फलाटांवर हिंदूंचा चहा वेगळा आणि मुसलमानांचा वेगळा विकला जाई. कित्येक खेड्यांतल्या हॉटेलांत दलितांची कपबशी बाहेर वेगळी ठेवलेली असे, आणि त्यात आमचा मराठवाडा मागे नव्हता. बायकांचे म्हणाल तर हॉटेलात पाऊल टाकायचे ते पडद्याआडच्या ‘फॅमिली रूम’मध्ये, तेही नवऱ्याबरोबर. एरवी चहाशी बायकांचा संबंध एवढाच, की तो करायचा आणि ट्रेमध्ये घालून बाहेर न्यायचा.

हा ट्रे आमच्या ताईने १९९६ साली पाच वेळा नेला. मी तेव्हा शाळकरी पोर. उरलेले पोहे माझे, त्यामुळे माझी त्या कार्यक्रमांना हरकत नसे. ट्रेमधले सहा कप डुचमळू नयेत म्हणून ताईची नजर कपांवर खिळलेली. पाचव्या खेपेस जे स्थळ ठरले, त्यातल्या मुलाचे तिने नीट काय पाहिले असेल तर ते पायमोजे. उजव्याला अंगठ्यापाशी भोक होते, असे ती अजून सांगते. ते पायमोजे म्हणजे आमचे दाजी. वसमतला त्यांची हळदीची आडत आहे.

ताईची मुलगी, म्हणजे माझी भाची, मुंबईस नोकरी करते. गेल्या हिवाळ्यात तिला एक स्थळ आले आणि मुलाच्या आईने निरोप धाडला की घरी नको, आपण सगळे ताजमहाल हॉटेलातल्या ‘सी लाउंज’मध्ये चहाला भेटू. दाजींनी चौकशी केली, माणशी चार आकडी रक्कम कळली, आणि ते म्हणाले, “एवढ्यात माझ्या आडतीवरच्या हमालांचा महिन्याचा चहा होईल.” तरीही मामा या नात्याने मला बरोबर घेऊन आम्ही गेलो.

ताज उघडले १६ डिसेंबर १९०३ रोजी. समोरचा गेटवे ऑफ इंडिया पुरा झाला १९२४ साली. म्हणजे आधी हॉटेल आणि मग गेटवे, हे पुष्कळांना खरे वाटत नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये या वास्तूवर काय गुदरले ते सर्वांना ठाऊक आहे. जुनी इमारत दुरुस्त होऊन १५ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा खुली झाली. सी लाउंज त्याच जुन्या भागात, पहिल्या मजल्यावर. मोठ्या खिडक्या, खाली गेटवे, पलीकडे बंदरातल्या होड्या. मुंबईच्या सुखवस्तू कुटुंबांत मुलामुलींच्या पहिल्या भेटी इथे घडवण्याची जुनी रीत आहे. आमच्या शेजारच्या दोन टेबलांवरही तोच कार्यक्रम चालला असावा. सगळे फार सरळ बसले होते आणि कोणी खात नव्हते.

खाण्याचे पदार्थ मांडलेले होते. स्कोन आणि सँडविचांच्या जोडीला चक्क भेळ आणि शेवपुरीसुद्धा; साहेबाच्या चहाने मुंबईपुढे हात टेकले आहेत असे म्हणायला हरकत नाही. चहा मात्र टेबलावर येतो. वेटर किटली घेऊन आला आणि आमची ताई खुर्चीतून अर्धी उठली. तिचा हात किटलीच्या कानाकडे गेला होता. तो पोरगा अदबीने म्हणाला, “बसा मॅडम, मी ओततो.” ताई बसली, पण हातांचे काय करावे हे तिला समजेना. थोडा वेळ तिने ते मांडीवर ठेवले, मग रुमालाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मुलाच्या आईचे लक्ष तिकडे गेले आणि त्या म्हणाल्या, “मलाही पहिल्यांदा असंच झालं होतं. म्हणून तर इथे बोलावलं.”

दाजींचा अभिप्राय वेगळा होता. एक घोट घेऊन ते माझ्या कानाशी पुटपुटले, “रंग आहे, दम नाही.” त्यांचे चुकले नाही. हा दार्जिलिंगचा चहा. गरम पाण्यात पानांना तीनचार मिनिटे मुरू द्यायचे, उकळायचे नाही, दूध घालायचे तर वरून. आपल्या चुलीवर दूध, साखर, आले एकत्र खदखदते, त्यात या नाजूक पानांचा टिकाव लागत नाही. त्यासाठी दाणेदार चहाच हवा. पाने चिरडून, फाडून, गोळ्या वळण्याचे ते यंत्र आसामात १९३० नंतर प्रचारात आले, आणि आज आपण घरोघर पितो तो बहुतेक त्याचाच.

मी हे शास्त्र दाजींना समजावीत असताना ताईने मान वर केली आणि त्या मुलाकडे सरळ पाहिले. समोर कप होता, पण तो सांभाळायची जबाबदारी तिची नव्हती. तिने विचारले, “तुमच्या घरी दुपारचा चहा कोण करतं?”

टेबल गप्प झाले. मुलगा बिचारा लाल झाला. वडिलांनी खिडकीबाहेर होड्या मोजायला घेतल्या. शेवटी तो म्हणाला, “आई करते. रविवारी कधी कधी बाबा. मी नाही केला कधी.” खोटे बोलला असता तर कोण तपासायला जाणार होते? ताईने पुढे पगाराचे विचारले नाही, घराचे विचारले नाही. भाचीने मात्र आपले प्रश्न तिथेच, सर्वांदेखत विचारले: नोकरीनिमित्त गाव बदलावे लागले तर कोणी बदलायचे, आणि माझ्या आईवडिलांना कधी गरज पडली तर काय? काही उत्तरे आली, काहींवर “विचार करून सांगतो” असे आले. दोन तास झाले. उठा असे कोणी सुचवले नाही. पैसे त्या दोघांनी निम्मेनिम्मे दिले. माझा आणि दाजींचा हात खिशातच राहिला.

लग्न ठरले का, असे वाचक विचारतील. अजून नाही. दोघे त्यानंतर चारदा भेटली आहेत, ताजमध्ये नव्हे, साध्या जागी, आणि भाची म्हणते घाई नाही. परतीच्या गाडीत ताईने एवढेच जाहीर केले की पुढची बैठक वसमतला, आपल्या घरी. मंडळींना दिवाळीनंतर बोलवायचे. “आणि चहा?” मी विचारले. “तुझे दाजी करतील,” ताई म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

आले किसून घालायचे की ठेचून, हे विचारायला दाजींचा मला आतापर्यंत दोनदा फोन आला आहे.