भाई आणि आबा

आमच्या धाराशिव जिल्ह्यात ‘भाई’ या शब्दाला वेगळाच मान आहे. भाई उद्धवराव पाटील असे नुसते म्हटले, की उमरग्यापासून परंड्यापर्यंतच्या जुन्या माणसांच्या डोळ्यांपुढे लाल बावटा उभा राहतो. शेतकरी कामगार पक्षातल्या माणसाने आपल्या सोबत्याला घालावयाची ही हाक. इतरत्र ‘कॉम्रेड’ हा शब्द जे काम करतो, ते येथे या घरगुती शब्दाने केले. लहानमोठा, धनीचाकर हा भेद तिने पुसावा, अशी त्यामागची इच्छा. या पक्षातले एक भाई मात्र लोकांच्या तोंडी कायमचे ‘आबा’ होऊन बसले. उमरग्याहून सोलापूर ओलांडून मंगळवेढ्याच्या वाटेने गेले, की सांगोला लागते. तेथले गणपतराव देशमुख, ते हे आबासाहेब.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’मुळे तो मुलूख आपणा मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. माण नदीला पाणी थोडे, माळ फार आणि माणसे चिवट. मोहोळ तालुक्यातल्या पेनूर गावी १९२६ साली जन्मलेल्या गणपतरावांनी कायद्याचे शिक्षण घेतले आणि सांगोल्यात वकिली केली. पण कोर्टापेक्षा त्यांचे मन चळवळीतच अधिक रमले.

शेतकरी कामगार पक्ष निघाला तो १९४७ साली. केशवराव जेधे, शंकरराव मोरे अशी बहुजन समाजातली वजनदार माणसे काँग्रेसमधून बाहेर पडून एकत्र आली. १९५० साली नाशिक जिल्ह्यातल्या दाभाडी येथे पक्षाने मार्क्सवादाची दीक्षा घेतली. पण दीक्षा घेणे सोपे, ती पाळणे कठीण. जेधे पुढे काँग्रेसमध्ये परतले, क्रांतिसिंह नाना पाटील कम्युनिस्टांकडे गेले. कोणी सत्तेसाठी गेले, कोणी तत्त्वासाठी. घर मात्र रिकामे होत गेले. त्या घरात गणपतराव अखेरपर्यंत राहिले.

१९६२ साली ते प्रथम सांगोल्यातून विधानसभेवर निवडून आले. १९७२ साली, दुष्काळाने महाराष्ट्र होरपळला त्याच वर्षी, त्यांचा पराभव झाला. १९७४ च्या पोटनिवडणुकीत लोकांनी त्यांना परत पाठविले. १९९५ साली अवघ्या १९२ मतांनी ते पडले आणि १९९९ साली पुन्हा उभे राहून जिंकले. २०१४ पर्यंत अकरा विजय, आणि सारे एकाच मतदारसंघातून, एकाच पक्षाच्या नावावर! मधल्या काळात विरोधी पक्षनेतेपद आले. १९७८ च्या पुरोगामी लोकशाही दलाच्या आणि १९९९ च्या आघाडीच्या सरकारात मंत्रिपदही लाभले; पण एकूण कारकीर्दीच्या मानाने सत्तेचे दिवस हाताच्या बोटांवर मोजण्यासारखे. आमदार असूनही एस.टी.च्या बाकावर बसून प्रवास करणारा हा गृहस्थ होता. मोटारींचे ताफे पाहून दिपलेल्या आजच्या पिढीला ही दंतकथा वाटावी.

साधेपणा ठीक, पण साधेपणाने विहिरीला पाणी लागत नाही, असे कोणी म्हणेल. प्रश्न रास्त आहे. जो तालुका कापसाचे आगर नव्हे, तेथे आबांनी शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी केली आणि चालवून दाखविली. पाण्यासाठी क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींच्या जोडीने आटपाडीच्या पाणी परिषदांतून ते वर्षानुवर्षे झगडले. कराडजवळ टेंभू येथे कृष्णेचे पाणी उचलून दुष्काळी तालुक्यांना द्यावे, ही मागणी फळाला येण्यात एक पिढी उलटली. सत्तेत असते तर हे पाणी लवकर आले असते काय? कदाचित आले असते. पण सत्तेसाठी पक्ष बदललेल्या माणसाने परिषदेत उभे राहून पाणी मागितले असते, तर माळावरच्या शेतकऱ्याने त्यावर कितपत विश्वास ठेवला असता?

आबांच्या निष्ठेचे मोल मला येथे दिसते. विचारसरणीची पोथी सांगोल्यातल्या किती मेंढपाळांनी वाचली असेल? त्यांनी माणूस वाचला. पक्षाची मते राज्यभर आटत गेली, तेव्हा या एका तालुक्यात ती टिकली, कारण ‘भाई’ची हाक तेथे ‘आबा’च्या नात्यात मुरली होती.

त्या नात्याची दुसरी बाजूही पाहावी लागते. २०१९ साली वयोमानामुळे त्यांनी निवडणूक लढविली नाही. त्यांचे नातू उभे राहिले आणि थोडक्यात पडले. ३० जुलै २०२१ रोजी आबा गेले. २०२४ साली दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी सांगोला पुन्हा लाल बावट्याकडे आणले. जुन्या कार्यकर्त्यांना आनंद झाला, तो स्वाभाविकच होता. पण ज्या पक्षाने वतनदारीविरुद्ध शड्डू ठोकला, त्याच्या मांडवात घराण्याचाच दिवा तेवत राहावा, हे मनाला थोडे लागते. आबाला नातू असतो. भाईला फक्त सोबती असतात. ते सोबती गावोगाव पुन्हा निर्माण झाले, तरच आबांचा बावटा सांगोल्याची शीव ओलांडून आमच्या उमरग्यापर्यंत येईल.