आवरलेलं घर कुणासाठी?

आपल्याकडे घर आवरलेलं आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार पाहुण्याला असतो. कुणी येणार असं कळलं की बाहेरच्या खोलीतली वर्तमानपत्रं दिवाणाच्या पोटात जातात, खुर्चीवरचे कपडे कपाटात कोंबले जातात, चादरीच्या सुरकुत्या निघतात आणि दहा मिनिटांत घर नीटनेटकं होतं. या सोयीच्या ढोंगाला बहुतेक घरं सरावलेली आहेत. त्यात फारसं बिघडतही नाही, कारण कुठली वस्तू कुठे कोंबली हे कुणाच्या तरी लक्षात राहतं. बहुधा घरातल्या बाईच्या.

पण काही माणसांच्या बाबतीत दिवाणात गेलेली वस्तू जगातूनच गेल्यासारखी होते. डोळ्यांसमोर नाही म्हणजे नाही. या माणसांना आपण स्वमग्न किंवा ऑटिस्टिक म्हणतो. स्वमग्न मुलांविषयी आता पुष्कळ लिहिलं जातं. २ एप्रिल हा दिवस संयुक्त राष्ट्रांनी २००७ साली त्यासाठी जाहीर केला. शाळा, उपचार, आईवडिलांचे कष्ट या सगळ्यांची चर्चा होते. पण मूल मोठं होतं आणि स्वमग्नता वयाबरोबर ओसरत नाही. चाळिशीतल्या स्वमग्न माणसाच्या स्वयंपाकघरात काय चाललं आहे, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

आपला शब्दही थोडा फसवा आहे. मूळ इंग्रजी शब्द 'स्वतः' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आणि मराठीत तो 'स्वमग्नता' झाला. त्यामुळे हा माणूस आपल्यातच बुडालेला, बाहेरच्या जगाची त्याला खबर नाही, अशी समजूत होते. पुष्कळदा वस्तुस्थिती उलटी असते. बाहेरचं जग त्याच्यापर्यंत जरुरीपेक्षा जास्त पोचतं. अमेरिकेत लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांवरचा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला, तेव्हा त्यांच्या नजरेत भरला तो या मुलांचा 'सगळं जसंच्या तसं राहावं' हा आग्रह. आवाज, वास, स्पर्श, प्रकाश यांचा कमीअधिक त्रास ही गोष्ट निदानाच्या अमेरिकी निकषांत स्पष्टपणे आली ती २०१३ साली. हे दोन्ही मुद्दे घराच्या केरवाऱ्याशी किती जवळून जोडलेले आहेत, ते पाहण्यासारखं आहे.

'घर आवर' या दोन शब्दांत किती कामं दडलेली असतात? ताटं उचलायची, खरकटं काढायचं, भांडी घासायची, ओटा पुसायचा, कपडे धुण्याचे आणि न धुण्याचे असे निवडायचे, वाळलेले घडी करायचे, रद्दी बांधायची, केर काढायचा. शिवाय यातलं आधी काय, नंतर काय, किती झालं म्हणजे पुरे, हे प्रत्येक पायरीवर ठरवायचं. बहुतेकांच्या मनात हे ठरवण्याचं काम आपोआप होतं, म्हणून ते काम आहे हेच कळत नाही. स्वमग्न माणसांपैकी अनेकांना नेमकं हेच जड जातं. अवघड गणित लीलया सोडवणारा माणूस पसाऱ्यासमोर तासभर नुसता उभा राहतो. त्याला आळशी म्हणणं सोपं आहे, पण तो आळस नसतो. सुरुवात कुठून करायची, हेच त्याला दिसत नसतं.

टेंपल ग्रँडिन या स्वमग्न प्राध्यापक बाईंनी १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात सांगितलं आहे की त्या चित्रांतून विचार करतात. शब्द म्हणजे त्यांना जणू दुसरी भाषा. सगळीच स्वमग्न माणसं तशी नसतात. पण 'आवर' या शब्दाचं चित्र काय, असा प्रश्न आपण स्वतःला विचारून पाहावा. ते चटकन सापडत नाही.

मग लक्षाचा प्रश्न येतो. डायना मरे, माइक लेसर आणि वेन लॉसन यांनी २००५ साली मांडलं की स्वमग्न माणसाचं लक्ष एका वेळी थोड्याच गोष्टींवर, पण फार खोलवर एकवटतं. विजेरीचा झोत एका कोपऱ्यावर पडावा आणि बाकी खोली अंधारात राहावी, तसं. ज्या कोपऱ्यावर झोत आहे तो कोपरा लखलखीत असतो. म्हणूनच एकाच्या घरात पुस्तकं उंचीप्रमाणे लावलेली आणि सिंकमध्ये तीन दिवसांची भांडी, असं दृश्य दिसतं. पाहणाऱ्याला ते विसंगत वाटतं, पण दोन्हींचं मूळ एकच असतं.

आणि ज्ञानेंद्रियांचं काय? फिनेलचा वास आपल्याला स्वच्छतेचा वाटतो. कुणाला त्यानं मळमळतं. भिजलेल्या भाताची शितं बोटांना लागणं, स्टीलवर स्टील घासल्याचा आवाज, मिक्सरचा घरघराट, या गोष्टी काहींना नुसत्या नकोशा वाटत नाहीत, अक्षरशः सहन होत नाहीत. अशा माणसाला 'चार भांडी घासायला काय होतं?' असं विचारण्यात अर्थ नसतो. रबरी हातमोजे, बिनवासाचा साबण, कानांवर आवाज अडवणारी साधनं या स्वस्त गोष्टींनी जे काम होतं, ते दहा वर्षांच्या बोलण्यांनी होत नाही.

माझ्या परिचयातला एक गृहस्थ चाळिशीचा आहे, संगणकाच्या कामात तरबेज. आई होती तोवर त्याच्या घरात कपडा कधी जमिनीवर दिसला नाही. आई गेल्यावर तीन महिन्यांत स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा उरली नाही. नातेवाईक म्हणाले, दुःखानं खचला. दुःख होतंच. पण घर चालवणारं सगळं वेळापत्रक आईच्या डोक्यात होतं, कुठेही लिहिलेलं नव्हतं, आणि ते तिच्याबरोबर गेलं. मग चार नातेवाइकांनी मिळून दोन दिवस घर घासूनपुसून काढलं. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की त्याला चहासाखर, औषधं, स्वतःचे मोजे, काहीच सापडेना. शेजाऱ्यांनी कौतुक केलेल्या त्या घरात तो आठवडाभर बाहेरून खाणं मागवून, पलंगावर बसून होता.

त्याच्या थोरल्या बहिणीनं पुढे जे केलं, ते मला फार शहाणपणाचं वाटतं. मांडणीवरचे एकसारखे चकचकीत स्टीलचे डबे ही आपल्याकडच्या स्वयंपाकघरांची शान. पण बंद डब्यात काय आहे हे लक्षात ठेवणारी गेली होती. बहिणीनं ते डबे काढून काचेच्या बरण्या आणल्या. कपाटाची दारं काढून टाकली. ओटा स्वच्छ असताना त्याचा फोटो काढून भिंतीवर लावला; ओटा तसा दिसला की काम संपलं. सोमवार कपड्यांचा, मंगळवार बाथरूमचा, असा कागद दारामागे चिकटवला. एकही वस्तू त्याला विचारल्याशिवाय हलवली नाही. आणि दर रविवारी सकाळी ती स्वतःच्या घरून त्याला फोन लावते. बोलणं फारसं होत नाही. ती तिकडे भाजी निवडते, तो इकडे केर काढतो. कुणीतरी सोबत आहे एवढ्यानं हात चालू लागतो. हे कसं होतं ते त्याला सांगता येत नाही, पण होतं.

यातलं बरंचसं शास्त्राला धरून आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात एरिक शॉप्लर यांच्या पुढाकारानं १९७२ पासून स्वमग्नांसाठी जो कार्यक्रम चालला, त्यात काम अशा रीतीनं मांडतात की चार प्रश्नांची उत्तरं डोळ्यांना दिसावीत: काय करायचं, किती करायचं, संपलं हे कसं कळेल, आणि त्यानंतर काय. मला यात नवल वाटलं नाही, कारण माझी नोकरी बँकेतली. खातेवह्यांच्या काळात संध्याकाळी 'बँक आवरा' असं कुणी कुणाला सांगत नसे. व्हाउचरं मोजायची, बेरजा जुळवायच्या, रोकड मोजून तिजोरीत ठेवायची, असा क्रम ठरलेला असे. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन माणसांकडे असत. एकट्यानं ती बंदही करायची नाही. त्या शिस्तीला कुणी आमचं दुबळेपण म्हणत नसे. स्मरणशक्तीच्या भरवशावर कारभार ठेवू नये, एवढाच त्यातला अर्थ होता. घरात मात्र कागदावर लिहिलेलं वेळापत्रक दिसलं की 'एवढंही लक्षात राहत नाही का?' असं आपण विचारतो.

बायकांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बोचरा होतो. पुरुषाचं घर अस्ताव्यस्त असलं तर तो 'विद्वान, आपल्याच तंद्रीत' ठरतो. बाईचं असलं तर तिला वळण नाही. स्वमग्न स्त्रियांचं निदान पुष्कळदा उशिरा होतं. तोवर अनेकजणी माहेर-सासरच्या टोमण्यांवर आपली किंमत ठरवून बसलेल्या असतात. अचानक कुणी आलं तर दार उघडू नये म्हणून दिवा मालवून बसणारी बाई माणूसघाणी नसते. तिला आपल्या ओट्याची लाज वाटत असते, आणि त्या लाजेपायी तिची माणसं तुटत जातात.

आपल्या देशात १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार गरज असलेल्या स्वमग्न प्रौढासाठी स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमू शकते. २०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या कायद्यात स्वमग्नतेचा स्वतंत्र उल्लेख आहे. 'आमच्यामागे याचं काय?' या चिंतेनं झोप उडालेले आईवडील मुदत ठेवी ठेवतात, वारसपत्रं करतात, पालक नेमतात. ते करायलाच हवं. पण पैशाची व्यवस्था लावणारी आई मुलाच्या हातून ताट काढून घेते, 'राहू दे, तुला जमायचं नाही, मी पटकन करते' म्हणत. त्या 'पटकन'मध्ये प्रेम असतं, पण त्यानं मुलाच्या हाताला सवय लागत नाही. आई हयात असतानाच तिच्या डोक्यातलं वेळापत्रक भिंतीवर उतरायला हवं. एका वर्षी एकच काम शिकला तरी चालेल. जे अजिबात जमणार नाही त्यासाठी पगारी मदत घ्यावी, त्यात कमीपणा नाही.

आणि नीटनेटकेपणाची कसोटीही बदलावी. अन्न नासलेलं नाही, वाट मोकळी आहे, धुतलेले कपडे आणि औषधं सापडतात, रात्री निवांत झोप लागते, एवढं जमलं तर ते घर आवरलेलं आहे. मग मोजे काचेच्या बरणीत असोत की कपाटाला दार नसो. अशा घरी आपण कधी गेलोच, तर नजर फिरवण्याआधी चपला कुठे काढू, एवढं विचारावं. त्या घरात चपलांची जागा ठरलेली असण्याची शक्यता फार आहे.