नाव नसलेले कैदी

संपात कुणाला पकडले, की आम्ही प्रथम चौकीत जाऊन त्याचे नाव नोंदले आहे काय, ते पाहतो. नाव असले तरच दाद मागता येते. ११ जानेवारी २००२ रोजी अमेरिकेने क्यूबातील ग्वांतानामो येथील आपल्या नाविक तळावर दहशतवादाच्या संशयावरून पकडलेले पहिले वीस कैदी आणले. पुढे तेथे सुमारे ७८० माणसे कोंडली गेली. न्यायालयात दाद मागण्याचा त्यांचा हक्क तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली मान्य केला. सरकारने मात्र नावांची यादी, एका वृत्तसंस्थेने कोर्टात खेचल्यावर, २००६ साली प्रसिद्ध केली. ज्याचे नावच ठाऊक नाही, त्याचे वकीलपत्र कोणी घ्यावे? बहुतेक कैदी पुढे खटल्याविनाच सोडले गेले. दहशतवाद्याला शिक्षा व्हावीच. पण तो दहशतवादी आहे, हे उघड्या न्यायालयात ठरले पाहिजे.