निरोधची लाज कशाला?

नांदेड-लातूरच्या वस्त्यांत महिलांच्या बैठकीत निरोधचा विषय काढला की एक वाक्य हमखास कानावर येतं, "ताई, मालकाला कोण सांगावं?" मग बायका तोंडाला पदर लावतात आणि बैठक दुसऱ्या विषयाकडं वळते.

दोन लेकरं झाली की ऑपरेशन बाईनंच करायचं, हे घरात ठरलेलं. महाराष्ट्रात लग्न झालेल्या जवळपास निम्म्या बायकांचं ऑपरेशन झालेलं आहे. पुरुषांची नसबंदी मात्र शंभरात एकही भरत नाही. खरं तर पुरुषाचं ऑपरेशन कितीतरी सोपं, त्याच दिवशी माणूस घरी येतो.

बाबासाहेबांना हा विषय लाजेचा वाटला नव्हता. संततिनियमनाचा प्रचार आणि सोयी सरकारनं कराव्यात, असा ठराव त्यांच्या वतीनं पी. जे. रोहम यांनी १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत मांडला. तो फेटाळला गेला. पुढं तीस वर्षांनी, १९६८ मध्ये, सरकारनं निरोध आणला. १५ पैशांत तीन. चहा-साबण विकणाऱ्या कंपन्यांमार्फत तो किराणा दुकानापर्यंत पोचला. नावही पाहा, चार आर्यसत्यांतला दुःखनिरोध आपल्याला पाठ आहे, आणि या निरोधला आपण हसतो.

आज तो सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतो. आशाताईनं घरी आणून दिला तर तिघांच्या पाकिटाला एक रुपया, अशी योजना सरकारनं काढली. पण आशाताई बाई, ती पाकीट देते बाईच्याच हातात, आणि ते पेटीत साड्यांखाली पडून राहतं. सरकारची चूक ही, की वापरायचं पुरुषानं आणि सांगायचं बाईला. वर्षावासात ग्रंथवाचनाला पुरुष विहारात येतात. वाचन संपल्यावर दहा मिनिटं आरोग्यसेवकाला बोलवा, पुरुषांशी पुरुषाला बोलू द्या.

त्यांना एवढं सांगा. पाकिटावरची तारीख बघावी. खिशात, पाकिटात दिवसेंदिवस ठेवू नये, उष्णतेनं रबर खराब होतं. चढवताना टोक चिमटीत धरून हवा काढावी. खोबरेल तेल, व्हॅसलीन लावू नये, फाटतं. एकावर एक दोन घालू नयेत. दर वेळी नवा.

ऑपरेशनमुळं दिवस राहत नाहीत, पण एचआयव्ही आणि गुप्तरोग त्यानं थांबत नाहीत. ते निरोधच थांबवतो.

निरोध फाटलाच तर बहात्तर तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी, तातडीची गोळी घ्यावी. ती आशाताईकडं मिळते. मागायला मालक गेला तरी चालतं.