गंधवेध, लेखांक ६ : गुलाबाला पावडर कुठून लागते?

मागच्या आठवड्यात कनौजच्या भट्टीवर चंदनतेलात उतरणारं गुलाबाचं अत्तर पाहिलं. आजचा गुलाब अगदी वेगळ्या घरातला. २००० साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक माल यांनी अत्तरघर काढलं आणि अत्तर रचणाऱ्याचं नाव थेट बाटलीवर छापलं. त्याच वर्षीचं 'लिपस्टिक रोझ' हे राल्फ श्वीगर यांचं. वास जुन्या लिपस्टिकचा.

लिपस्टिकमधल्या मेणाचा आणि तेलाचा वास झाकायला पूर्वी गुलाब आणि व्हायोलेट घालत. तो मऊ, किंचित कोरडा, डबीतल्या पफचा भास देणारा वास गुलाबाचा नसतो, व्हायोलेटचा असतो. व्हायोलेटच्या फुलांतून अर्क निघतो तो नाममात्र आणि फार महाग. म्हणून जर्मनीत टीमान आणि क्र्यूगर या रसायनशास्त्रज्ञांनी तसाच वास असलेल्या आयरिसच्या मुळाचा, म्हणजे ओरिसचा, अभ्यास केला. त्यातून १८९३ साली व्हायोलेटच्या वासाचं कृत्रिम रसायन 'आयोनोन' हाती आलं. हीच ओरिसची मुळं दळून चेहऱ्याच्या पावडरीत मिसळत. अत्तराला आपण 'पावडरी' म्हणतो ते नाकाला त्या पावडरीची ओळख पटते म्हणून. सोफिया ग्रॉइसमन यांच्या १९८३च्या 'पॅरिस' या अत्तरातही गुलाब-व्हायोलेटची हीच जोडी आहे, फक्त आवाज बराच मोठा.

'लिपस्टिक रोझ' मनगटावर फवारलं की आधी अल्कोहोलची झणझण आणि ग्रेपफ्रूटची आंबटसर चाहूल लागते. हलके रेणू आधी उडतात. मग रासबेरीसारखी गोडी आणि तिच्यामागून गुलाब-व्हायोलेटचा मेणचट थर येतो. अत्तराचा खरा ऐन तो हाच. जड रेणूंची कस्तुरी आणि व्हॅनिला शेवटपर्यंत त्वचेला धरून राहतात, तळाशी आपल्या ओळखीचा वाळा असतो. कोरड्या त्वचेवर हे सगळं लवकर ओसरतं, म्हणून आधी बिनवासाचं क्रीम चोळावं. सुती ओढणीवर ते जास्त टिकतं, पण उमलत नाही. त्याला अंगाची ऊब लागते.

यातली खरी गंमत नाकाची आहे. आयोनोन नाकाला चटकन थकवतं. वास मधेच नाहीसा होतो, काही वेळाने पुन्हा दरवळतो. "उडालं वाटतं" म्हणून माणूस आणखी दोन फवारे मारतो, पण शेजारच्याला ते पहिल्यापासून लख्ख येत असतं.

शिवाय सगळ्यांची नाकं सारखी नाहीत. ओआर५ए१ या एका जनुकातल्या फरकामुळे काहींना बीटा-आयोनोन फुलासारखं सुगंधी लागतं, तर काहींना ते फारसं जाणवतच नाही किंवा आंबूस लागतं, असं न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवलं. म्हणून मैत्रिणीच्या शिफारशीवर असं अत्तर घेऊ नये. कागदाच्या पट्टीवरही विसंबू नये, कारण तिला ना ऊब असते, ना तेल. दुकानात मनगटावर एकच फवारा घ्यावा, बाहेर पडावं, संध्याकाळपर्यंत अधूनमधून हुंगावं आणि मगच खिशात हात घालावा.

पुढच्या आठवड्यात : फ्लॉरेन्सचं ओरिस, आणि ते मूळ वर्षानुवर्षं वाळवत का ठेवतात.