दामदुपटीचे गणित

इ. स. १९२० च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील बोस्टन शहरी, स्कूल स्ट्रीट नामक रस्त्यावरील एका कचेरीपुढे लोकांच्या रांगा लागत असत. चार्ल्स पॉन्झी या इटलीहून आलेल्या गृहस्थाकडे पैसे ठेवण्यासाठी ही मंडळी येत. शंभर डॉलर दिले असता नव्वद दिवसांनी दीडशे डॉलर देण्याची वचनचिठ्ठी मिळे. आणि प्रत्यक्षात पंचेचाळीस दिवसांतच सर्व रक्कम चुकती होई. या उद्योगाचा आरंभ डिसेंबर १९१९ मध्ये अवघ्या १५० डॉलर भांडवलावर झाला होता. पुढील आठ महिन्यांत पॉन्झीने ९५,८२,००० डॉलर कर्जाऊ घेतले आणि त्याबद्दल १,४३,७४,००० डॉलरांच्या चिठ्ठ्या लिहून दिल्या.

एवढा नफा कोठून येतो, या प्रश्नाला त्याचे उत्तर तयार होते. परदेशी पत्र पाठविणाराला उत्तराचा टपालखर्च आगाऊ भरता यावा, यासाठी आंतरराष्ट्रीय टपाल संघाने १९०६ साली एक कूपन सुरू केले होते. ते एका देशात विकत घ्यावे आणि दुसऱ्या देशात देऊन तिकीट घ्यावे, अशी ही सोय होती. पहिल्या महायुद्धानंतर अनेक देशांच्या चलनांचे भाव कोसळले. त्यामुळे तेथे स्वस्तात घेतलेल्या कूपनावर अमेरिकेत पाच सेंटांचे तिकीट मिळू शके. ही तफावत खरी होती. पॉन्झीच्या कथेचे सामर्थ्य याच गोष्टीत होते, की तिचा पूर्वार्ध कोणीही पडताळून पाहावा आणि तो खरा निघावा.

उत्तरार्ध मात्र कोणी मोजून पाहिला नव्हता. दीडशे डॉलर मिळविण्यासाठी पाच सेंटांची तीन हजार कूपने लागतात. मग लक्षावधी डॉलरांसाठी किती लागतील? क्लॅरेन्स बॅरन या अर्थविषयक पत्रकाराने १९२० च्या जुलैमध्ये हा हिशेब मांडला. पॉन्झीच्या व्यवहाराला सुमारे सोळा कोटी कूपने हवीत, पण प्रचारात आहेत ती केवळ सत्तावीस हजारांच्या आसपास, असे त्याने दाखवून दिले. शिवाय कूपनाच्या बदल्यात तिकिटे मिळत, रोकड नव्हे. ती कोट्यवधी तिकिटे विकावयाची कोणाला, हा प्रश्न उरतोच. या हिशेबाला गुणाकार-भागाकारापलीकडे काही लागत नाही. शाळेतील मुलालाही तो करता आला असता.

वस्तुतः पॉन्झीने कोठेही भांडवल गुंतविलेले नव्हते. नंतर आलेल्यांचे पैसे तो आधी आलेल्यांना देत होता, एवढेच. असा उद्योग किती काळ चालू शकतो, हे पाहण्यासारखे आहे. गिऱ्हाईक आणणाऱ्या दलालाला तो शेकडा दहा अडत देई. म्हणजे शंभरांपैकी नव्वद हाती उरत. दीडशे फेडण्यासाठी सुमारे १६७ डॉलरांचे नवे कर्ज काढणे भाग होते. म्हणजे सर्वांनी पैसे मागितले, तर दर पंचेचाळीस दिवसांनी नव्या ठेवी आधीच्या एक पूर्णांक दोन तृतीयांश पट झाल्याच पाहिजेत. आरंभी एक हजार ठेवीदार असून प्रत्येकाची ठेव सारखी आहे, असे धरू. आठ फेऱ्यांनंतर, म्हणजे वर्ष पुरे होण्याच्या सुमारास, जवळजवळ साठ हजार नवे ठेवीदार लागतील. तेराव्या फेरीअखेर हीच संख्या ७,६५,००० च्या वर जाते. आणि १९२० साली बोस्टनची लोकसंख्या, पाळण्यातील अर्भकांसह, सुमारे ७,४८,००० होती! पुष्कळांनी नफ्यासह रक्कम पुन्हा त्याच्याकडेच ठेवली, तर रोकड काही काळ पुरते. परंतु देण्याचा आकडा दर फेरीला दीडपट फुगत राहतो. अशा योजनेची जितकी भरभराट व्हावी, तितके तिचे दिवाळे मोठे होते.

मग हजारो लोकांनी विश्वास कसा ठेवला? पैसे खरोखरच मिळत होते, हेच त्याचे कारण. शेजाऱ्याला शंभराचे दीडशे मिळालेले डोळ्यांनी दिसत होते. येथे विज्ञानाची एक साधी शिस्त उपयोगी पडते. एखादे निरीक्षण दोन परस्परविरुद्ध कल्पनांशी सारखेच जुळत असेल, तर ते दोहोंपैकी एकीचाही पुरावा ठरत नाही. व्यापार खरा असता तरी पहिल्यांना पैसे मिळाले असते, आणि तो खोटा असूनही ते मिळाले. जुलैअखेर संशय वाढून लोकांनी गर्दी केली, तेव्हाही पॉन्झी मागणाऱ्यांना पैसे देत राहिला. ते पाहून कित्येक जण रक्कम न काढताच घरी परतले.

असे प्रस्थ नेहमी भरमसाट नफ्याचेच आमिष दाखविते असे मात्र नाही. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड मेडॉफ याला डिसेंबर २००८ मध्ये अटक झाली. त्याने ग्राहकांच्या कागदोपत्री दाखविलेली शिल्लक सुमारे ६,५०० कोटी डॉलर होती. त्याचे आमिष माफक होते: बाजार चढो वा पडो, दरसाल जवळजवळ सारखाच लाभ. हॅरी मार्कोपोलोस या विश्लेषकाने २००० सालापासून अमेरिकेच्या रोखे-नियामक आयोगाला वारंवार सावध केले होते, कारण त्या आकड्यांत चढउतारच नव्हता. ज्या मापनात कधीच चूक येत नाही, ते मापन घेतलेलेच नसावे, अशी शंका प्रयोगशाळेत घेतात. त्याच जातीची ही शंका होती. आयोगाने तिची योग्य दखल घेतली नाही.

भारतात या मोहाला ‘दामदुप्पट’ हे नाव पडले आहे. गंमत अशी की जुन्या हिंदू कायद्यातील दामदुपटीचा नियम ऋणकोच्या रक्षणासाठी होता. मुद्दलाहून अधिक व्याज एका वेळी वसूल करता येऊ नये, असे तो सांगे. बँकेच्या व्याजाने रक्कम दुप्पट होण्यास किती वर्षे लागतील, हे काढण्याची एक सोपी रीत आहे. ७२ ला व्याजाच्या शेकडेवारीने भागावे. दर सहा असेल तर बारा वर्षे. कोणी वर्षात दुप्पट देऊ म्हणत असेल, तर तो शेकडा शंभर व्याजाची गोष्ट करीत आहे, आणि इतका नफा देणारा धंदा असताना तो बँकेकडून स्वस्तात कर्ज का घेत नाही, हे त्याला विचारले पाहिजे.

साखळीने सभासद वाढवून पैसा फिरविणाऱ्या योजनांवर भारतात १९७८ च्या कायद्याने बंदी आली. अशा योजनेत सभासद म्हणून भाग घेणे हाही त्यात गुन्हा आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ठेवीदारांच्या हितरक्षणासाठी महाराष्ट्राने १९९९ साली स्वतंत्र कायदा केला. तरीही २०१३ च्या एप्रिलमध्ये पश्चिम बंगालमधील शारदा उद्योगसमूह कोसळला आणि लक्षावधी लहान ठेवीदारांची पुंजी बुडाली. २०१९ साली अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा झाला. ठेवी घेणारी संस्था नोंदलेली आहे की नाही, हे पाहण्याची आणि तक्रार करण्याची सोय रिझर्व्ह बँकेने ‘सचेत’ या नावाने केलेली आहे. ओळखीच्या माणसांची भिशी ही मात्र निराळी गोष्ट. तेथे जमलेलाच पैसा आळीपाळीने वाटला जातो. दहा जणांच्या वर्गणीतून अकरा जणांचा वाटा निघेल, असे तेथे कोणी सांगत नाही.

योजना खोटी असली तरी आपण वेळीच बाहेर पडू, असे म्हणणारे चतुर लोक सर्वकाळी असतात. बोस्टनमध्येही होते. २ ऑगस्ट १९२० रोजी एका वर्तमानपत्राने पॉन्झी दिवाळखोर असल्याचे छापताच त्यांनी धाव घेतली आणि ९ ऑगस्टला त्याचे बँकेतील खाते रिकामे होईपर्यंत आपले पैसे काढून घेतले. पुढे दिवाळखोरीच्या विश्वस्तांनी त्यांच्यावर दावे लावले. १९२४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, त्या आठवड्यात उचललेली रक्कम परत करून या मंडळींनी इतर धनकोंच्या रांगेत उभे राहिले पाहिजे.